टक्केवारीवर शिक्का मारण्याआधी

पतसंस्थेचे सभासद, शाळेचा पट, वाचनालयाचे वर्गणीदार, मंडळाचे देणगीदार: या सगळ्या याद्या आता वहीतून गुगल शीटमध्ये आल्या आहेत. दोन याद्या एकत्र करायला घेतल्या की एकच माणूस दोनदा आलेला दिसतो. कधी वेलांटी चुकलेली असते, कधी आडनाव आधी लिहिलेले असते, कधी वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर असते. मग संस्थेतली संगणक जाणणारी एखादी मुलगी म्हणते, ‘थांबा, मी छोटा प्रोग्राम लिहून देते.’ शीटमागे लिहायची ॲप्स स्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्टच. दहा-वीस ओळी लिहिल्या की नावांच्या प्रत्येक जोडीसमोर आकडा उमटतो: इतके टक्के जुळते. सेक्रेटरी आकडे बघतात आणि सांगतात, ‘९० च्या वरचे सगळे एकत्र करून टाक.’

हे आवाहन त्या प्रोग्राम लिहिणारीला आहे आणि त्या सेक्रेटरींनाही. दोघांनी मिळून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दोन मजकूर कितपत सारखे दिसतात एवढेच यंत्र सांगते. ते एकाच माणसाचे आहेत का, हे ठरवायची जबाबदारी तुमच्याकडेच राहते.

समजा, पहिल्या यादीत ‘सविता रामचंद्र पाटील’ हे नाव आहे. दुसऱ्या यादीत ‘सविता रा. पाटील’ आहे आणि ‘कविता रामचंद्र पाटील’ही आहे. पहिली तीच बाई, फक्त वडिलांचे नाव आखूड लिहिलेले. दुसरी तिची सख्खी बहीण. गावात कुणालाही विचारा, तो लगेच सांगेल. आता सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पद्धतीने जावास्क्रिप्टला विचारा. बहीण ९५ टक्के जुळते आणि खुद्द सविता ७० टक्के! ९० च्या वरचे एकत्र केले तर दोन बहिणींची एकच नोंद होईल आणि खरी दुबार नोंद तशीच राहील. प्रोग्रामने गणित अचूक केले. त्याला मोजायला काय सांगायचे, हे आपण नीट ठरवले नव्हते.

हा आकडा येतो कुठून?

प्रोग्रामिंगमध्ये मजकुराच्या तुकड्याला स्ट्रिंग म्हणतात. दोन स्ट्रिंगांमधले अंतर मोजण्याची जी रीत आज सर्वत्र चालते तिला व्लादिमीर लेवेनश्टाइन या रशियन गणितज्ञाचे नाव आहे. १९६५ साली त्यांनी जो निबंध लिहिला, त्यात माणसांच्या नावांचा विषयच नव्हता. संदेश पाठवताना एखादा बिट गळतो, एखादा जास्तीचा येतो, एखादा बदलतो; अशा चुका सुधारता येतील असे संकेत कसे रचावेत, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी स्पेलिंगच्या चुका तपासल्या होत्या. चुकलेल्या शब्दांपैकी ८० टक्क्यांहून अधिक शब्दांत एकच चूक असते, आणि ती चारांपैकी एका प्रकारची असते, असे त्यांना आढळले: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेले, किंवा शेजारची दोन अक्षरे उलटसुलट.

लेवेनश्टाइनच्या रीतीत शेवटचा प्रकार धरत नाहीत. एक चिन्ह घालणे, काढणे किंवा बदलणे, एवढ्याच तीन क्रिया. एका स्ट्रिंगची दुसरी करायला कमीत कमी किती क्रिया लागतात, ते त्यांच्यातले अंतर. अंतराला लांब स्ट्रिंगच्या लांबीने भागायचे, उत्तर एकातून वजा करायचे, की टक्केवारी मिळते. ‘सविता रामचंद्र पाटील’मध्ये मोकळ्या जागा धरून २० चिन्हे आहेत. ‘कविता’ करायला एकच बदल, म्हणून ९५ टक्के. ‘रामचंद्र’चे ‘रा.’ करायला पाच चिन्हे काढावी लागतात आणि एक बदलावे लागते, म्हणून २० पैकी सहा गेले, राहिले ७० टक्के.

खरी गोम इथे आहे: या मोजणीत प्रत्येक बदलाची किंमत सारखी. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ घ्या. पाच चिन्हे, एक बदल, ८० टक्के. ‘सविता’ आणि ‘कविता’ घ्या. पाच चिन्हे, एक बदल, ८० टक्के. पहिली जोडी म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची चूक, दुसरी म्हणजे दोन वेगळी माणसे. मराठी वाचणाऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. यंत्राला मात्र तो मुद्दाम सांगावा लागतो.

जावास्क्रिप्ट कशाला एक मोजते?

जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तयार केली. तिच्यात स्ट्रिंग साठवली जाते ती सोळा-सोळा बिटांच्या तुकड्यांत. ‘लेंग्थ’ विचारली की तुकड्यांची संख्या मिळते. देवनागरीत प्रत्येक व्यंजन, प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी-उकार, प्रत्येक अनुस्वार आणि व्यंजनाचा पाय मोडणारे प्रत्येक चिन्ह असा एकेक तुकडा होतो. म्हणून ‘पुणे’ची लांबी येते ४. ‘महाराष्ट्र’ची येते १०, कारण एकट्या ‘ष्ट्र’मध्येच पाच तुकडे आहेत. शाळेतल्या पोराला विचारले तर तो म्हणेल, पुणे दोन अक्षरी आणि महाराष्ट्र चार अक्षरी.

आपल्यासारखी अक्षरे मोजायची सोयही जावास्क्रिप्टमध्ये आहे. ‘इंटल’ या विभागात ‘सेगमेंटर’ नावाचे साधन मिळते. क्रोममध्ये ते २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये आले. ते वापरताना मात्र एक सावधगिरी हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड या लिपी-मानकाची १५.१ ही आवृत्ती आली आणि तिने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांमधली जोडाक्षरे मधूनच न तोडण्याचा नियम केला. जुन्या नियमाने ‘ज्ञानेश्वर’चे सहा तुकडे पडत, कारण ‘ज्’ वेगळा आणि ‘श्’ वेगळा धरला जाई. नव्या नियमाने चारच पडतात: ज्ञा, ने, श्व, र. म्हणजे तोच प्रोग्राम जुन्या संगणकावर एक उत्तर देईल आणि नव्यावर दुसरे. काम हाती घेण्याआधी ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द सेगमेंटरला द्या आणि किती तुकडे येतात ते पाहा. एका मिनिटाचे काम आहे.

मग तुकडे (म्हणजे एकेक चिन्ह) मोजायचे की अक्षरे? माझा सल्ला असा: तोडताना अक्षरे धरा, तुलना करताना चिन्हे धरा. ‘रामचंद्र’चे आद्याक्षर काढायचे असेल आणि पहिला तुकडा उचलला तर नुसता ‘र’ हाती येतो आणि ‘रा.’शी जुळत नाही. ‘ज्ञानेश्वर’चा पहिला तुकडा तर ‘ज’ निघतो! तिथे अख्खे अक्षरच उचलायला हवे. उलट ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ची तुलना अक्षरांनी केली तर ‘टी’ आणि ‘टि’ पूर्णपणे वेगळे ठरतात आणि जुळणी ६७ टक्क्यांवर घसरते. वेलांटीची चूक वेलांटीएवढीच दिसायला हवी असेल तर चिन्हांच्या पातळीवर उतरावे लागते.

डोळ्याला एक, यंत्राला दोन

तुलनेच्या आधीच अर्धी लढाई असते. पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन शब्द आत वेगळे साठवलेले असू शकतात. ‘ॲड.’मधला ‘ॲ’ घ्या. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधी, आणि कित्येक कळफलकांवर त्यानंतरही, ‘अ’वर चंद्र देऊन तो दोन तुकड्यांत लिहिला गेला. जावास्क्रिप्टमधले ‘नॉर्मलाइझ’ हे साधन असे पुष्कळसे भेद मिटवते, पण हा मिटवत नाही. तो तुम्हीच बदलून घ्यायचा.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ पाहा. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. अर्धा ‘ऱ’ लिहिण्याच्या दोन रीती आहेत. काहीजण ‘ऱ’चा पाय मोडतात. काहींच्या मजकुरात साधा ‘र’, पायमोड आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. दिसते दोन्हीकडे सारखेच. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून सरसकट काढून टाकली, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. म्हणून आधी ‘र’, पायमोड आणि जोडचिन्ह हे त्रिकूट ‘ऱ’ आणि पायमोड असे बदलून घ्या. मग उरलेली अदृश्य चिन्हे काढा. क्रम उलटला की माहिती गेली.

आणखी काही बारीक गोष्टी. दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढणारे ‘ट्रिम’ ही अदृश्य जोडचिन्हे काढत नाही. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे यंत्राला वेगळे. ‘नॉर्मलाइझ’ त्यांनाही एक करत नाही, तेव्हा घर क्रमांक किंवा जन्मवर्ष ताडून पाहण्याआधी सगळे आकडे एकाच पद्धतीचे करा. इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये सगळे लहान लिपीत आणणारी ओळ हमखास असते. देवनागरीवर तिचा काहीच परिणाम होत नाही. ‘लोकेल कंपेअर’ हे साधन कोणता शब्द आधी लावायचा ते सांगते, किती सारखा आहे ते सांगत नाही. ‘सन्त’ आणि ‘संत’, ‘पण्डित’ आणि ‘पंडित’ असे लेखन जुन्या नोंदींत सापडते. अशा जागी अनुनासिकाचा अनुस्वार करून घ्या. श्री., सौ., श्रीमती, कै., डॉ. या उपाध्या नावातून वेगळ्या काढा.

हे सगळे करायचे ते नावाच्या प्रतीवर. मूळ रकान्याला हात लावायचा नाही. शेजारी ‘तुलनेसाठी’ असा नवा रकाना करा आणि सगळी काटछाट तिथे करा. माणसाने स्वतःचे नाव ज्या तऱ्हेने लिहिले, ती तऱ्हा त्याची असते. आपल्या सोयीसाठी ती बदलायचा हक्क आपल्याला नाही.

दुसरी मापे काय सांगतात?

लेवेनश्टाइन हे एकच माप नाही. प्रत्येक माप कुठल्या तरी ठरावीक कामासाठी घडले, आणि ते काम कळले की त्याचे गुण-दोषही कळतात.

डाइस यांचे माप १९४५ चे. ली डाइस हे अमेरिकन परिसंस्था-अभ्यासक. कोणत्या दोन जाती किती ठिकाणी एकत्र आढळतात, हे त्यांना मोजायचे होते. डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९४८ मध्ये वनस्पतींसाठी तेच सूत्र मांडले. मजकुरावर ते लावताना शेजारच्या दोन-दोन चिन्हांच्या जोड्या पाडतात आणि दोन्हीकडे सामाईक किती ते पाहतात. शब्दांचा क्रम बदलला तरी हे माप फारसे डगमगत नाही. ‘पाटील सविता रामचंद्र’ आणि ‘सविता रामचंद्र पाटील’ यांना लेवेनश्टाइन ४० टक्केच देते. शब्दागणिक जोड्या पाडून डाइस लावले तर पूर्ण १०० मिळतात. पण तेच डाइस ‘सविता–कविता’ला ७५ देते आणि ‘पाटील–पाटिल’ला ५०. बदललेले चिन्ह शब्दाच्या कडेला असले तर एकच जोडी बिघडते, मध्ये असले तर दोन. मराठीतल्या वेलांट्या-उकार नेमके मध्ये येतात. त्यामुळे आपल्या सगळ्यात सामान्य चुकीला हे माप सगळ्यात कडक शिक्षा देते.

जॅरो-विंकलर हे माप तर नावांसाठीच जन्माला आले. अमेरिकेच्या जनगणना खात्यात मॅथ्यू जॅरो यांनी फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरातील १९८५ च्या चाचणी-गणनेच्या नोंदी जुळवताना ते वापरले आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. १९९० मध्ये विल्यम विंकलर यांनी त्यात भर घातली: सुरुवातीची चिन्हे जुळली तर, जास्तीत जास्त चार चिन्हांपर्यंत, वाढीव गुण. या मापाने ‘पाटील–पाटिल’ला ९१ मिळतात आणि ‘सविता–कविता’ला ८७. क्रम तरी बरोबर लागला. पण ‘सुनील’ आणि ‘सुनीता’ यांना हेच माप ८९ देते, आणि ती भावा-बहिणीची नावेही असू शकतात. इंग्रजीत सुरुवातीची चार चिन्हे म्हणजे चार अक्षरे. देवनागरीत ती दोन अक्षरांतच संपतात.

साउंडेक्स याहून जुने. १९१८ आणि १९२२ च्या अमेरिकन पेटंटांत ते नोंदलेले आहे. पहिले अक्षर तसेच ठेवायचे आणि पुढच्या व्यंजनांचे उच्चारानुसार सहा गट करून त्यांचे आकडे लिहायचे. ते इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपुरतेच आहे. देवनागरी नावावर तसेच्या तसे लावले तर हाती काहीच लागत नाही. नावे रोमन लिपीत लिहून मग लावले तर ट-त, ड-द, ल-ळ, न-ण हे भेद आधीच पुसलेले असतात. हे भेद राखायचे असतील तर ती वाट धरू नका.

एक मर्यादा सगळ्याच मापांना आहे. ती लिहिलेले बघतात, अर्थ बघत नाहीत. ‘मुलगा’ आणि ‘पोरगा’ त्यांना परके. लग्नानंतर आपल्याकडे बाईचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, कधी स्वतःचे नावही बदलते. माहेरच्या आणि सासरच्या नावात एकही शब्द सारखा उरला नाही तर ती एकच बाई आहे हे कुठल्याही मापाला कळणार नाही. तिथे जन्मतारीख, जुना सभासद क्रमांक आणि ओळखणारा माणूस, हेच उपयोगी.

चूक दोन्ही बाजूंनी होते

‘मग भानगडच नको, हुबेहूब जुळले तरच खरे’ असे कुणी म्हणेल. त्याचाही अनुभव जगाने घेतला आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मतदार-नोंदणीचे अर्ज सरकारी नोंदींशी तंतोतंत जुळले पाहिजेत असा नियम होता. नावातली एक आडवी रेघ किंवा टंकलेखनाची एक चूकही अर्ज अडकायला पुरेशी होती. २०१८ च्या निवडणुकीआधी असे ५३ हजारांहून अधिक अर्ज लटकलेले असल्याचे असोसिएटेड प्रेसने उघड केले.

उलट बाजूची चूक त्याच देशातल्या ट्रान्सयुनियन या पतमाहिती कंपनीची. सरकारने व्यवहाराला मनाई केलेल्या दहशतवादी आणि अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांच्या यादीशी ग्राहकांची नावे ती ताडून पाहत असे. ताडायची ती फक्त पहिले नाव आणि आडनाव. जन्मतारीख बघितलीच जात नव्हती. २०११ मध्ये गाडी घ्यायला गेलेल्या एका साध्या ग्राहकाला त्यामुळे दुकानदाराने गाडी विकायला नकार दिला. दावा उभा राहिला तेव्हा असा शेरा बसलेले ८,१८५ लोक निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये निकाल लागला. यादी ताडणाऱ्या संगणकाने नावे बरोबरच जुळवली होती. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, हे कंपनीने गृहीत धरले होते.

आपल्या पतसंस्थेची यादी एवढी मोठी नसेल. पण ज्याची शिष्यवृत्ती, कर्ज किंवा मतदानाचा हक्क एका नोंदीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ती नोंद तेवढीच मोठी असते.

तर मग काय करावे?

पहिले, नावाचे भाग करा. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. तिघांची तुलना वेगवेगळी करा. सविता आणि कविता या बहिणींना अख्ख्या नावावर ९५ मिळाले. भाग केले की पहिल्या नावात ८० येतात आणि शंका तिथेच उघडी पडते. ‘रा.’ असे आद्याक्षर आले तर टक्केवारी काढूच नका. ते पलीकडच्या नावाच्या पहिल्या अक्षराशी जुळते की नाही, एवढेच पाहा.

दुसरे, बदलांना वेगवेगळी किंमत द्या. लेवेनश्टाइनच्या रीतीत फक्त एक ओळ बदलावी लागते: बदलाची किंमत सरसकट एक न धरता छोट्या तक्त्यातून घ्यायची. ऱ्हस्व-दीर्घासाठी ०.२, श-ष साठी ०.२, ल-ळ आणि न-ण साठी ०.३, बाकी सगळ्यांना १, अशी सुरुवात करा आणि आपल्या यादीवर तपासून आकडे सुधारा. एवढ्याने ‘पाटील–पाटिल’ ९६ वर जाते आणि ‘सविता–कविता’ ८० वरच राहते. ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’ही जवळ येतात. हा तक्ता नावांपुरता ठेवा. सामान्य मजकुरात ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘मन’ आणि ‘मण’ यांना जवळचे मानणे चूक ठरेल.

तिसरे, तयार साधने डोळे मिटून घेऊ नका. ‘फास्टेस्ट लेवेनश्टाइन’ नुसते अंतर देते. टक्केवारी तुम्ही काढायची. ‘फ्यूज’मध्ये उलटे आहे: तिथे शून्य म्हणजे तंतोतंत आणि एक म्हणजे अजिबात नाही. ‘स्ट्रिंग सिमिलॅरिटी’ डाइसचे माप वापरते आणि त्याची देखभाल आता होत नाही. ही साधने मराठीच्या अक्षरांसाठी घडवलेली नाहीत. रिकाम्या रकान्यांचीही काळजी घ्या. दोन्ही नावे रिकामी असतील तर शून्याला शून्याने भागले जाते, जावास्क्रिप्ट त्यावर थांबत नाही, ‘संख्या नाही’ असे मूल्य देऊन पुढे जाते, आणि ते कुठल्याही आकड्याशी ताडले तरी उत्तर ‘नाही’ येते. रिकाम्या नोंदी आधीच बाजूला काढा.

चौथे, सगळ्यांची सगळ्यांशी तुलना करत बसू नका. दोन हजार नावांच्या जवळपास २० लाख जोड्या होतात. २०-२० चिन्हांची नावे धरली तर प्रत्येक जोडीला ४०० चौकटी भराव्या लागतात. ॲप्स स्क्रिप्ट सहा मिनिटांनी काम तोडते. आधी वाडी-वस्तीनुसार किंवा जन्मवर्षानुसार गट करा आणि गटातल्या गटात तुलना करा. जन्मवर्षच चुकलेले असेल तर जोडी निसटते, म्हणून दुसऱ्यांदा आडनावाच्या पहिल्या अक्षराने गट करून तेच काम पुन्हा चालवा.

पाचवे, सीमारेषा पुस्तकातून उचलू नका. आपल्या यादीतल्या दोनशे जोड्या हाताने तपासा आणि ‘एकच माणूस’ किंवा ‘वेगळी माणसे’ असे लिहून ठेवा. मग प्रोग्राम चालवा आणि दोन संख्या मोजा: वेगळी असून किती जोड्या एक ठरल्या, आणि एकच असून किती निसटल्या. कोणती चूक महाग, ते कामावर ठरते. स्नेहसंमेलनाच्या पत्रिका एकाच घरी दोन गेल्या तर बिघडत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत दोन मुलींची एक झाली तर एकीचे वर्ष जाते.

सहावे, निकालाचे तीन ढीग करा. अगदी स्पष्ट जुळणारे, अगदी स्पष्ट वेगळे आणि मधले. मधला ढीग छापून काढा आणि सभासदांना ओळखणाऱ्या माणसासमोर ठेवा. जुना शिपाई, पोस्टमन, अंगणवाडी सेविका यांना यादीपलीकडचे पुष्कळ माहीत असते. एकत्र केलेली नोंद पुसून टाकू नका; कोणी, कधी आणि कशावरून एकत्र केली ते लिहा, म्हणजे चूक निघाली तर मागे फिरता येईल.

सातवे, लोकांची नावे आणि जन्मतारखा कुठल्या तरी फुकट संकेतस्थळावर चिकटवून जुळणी करू नका. जावास्क्रिप्ट तुमच्या स्वतःच्या ब्राउझरमध्येही चालवता येते. यादी आणखी कुठे पाठवण्याची काहीच गरज नाही.

सेक्रेटरी आणि मुख्याध्यापकांना वेगळी विनंती. तुमच्यासमोर ‘९२ टक्के’ असा कागद आला तर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे टक्के कशाचे? आपल्या यादीवर ते तपासून पाहिले का? आणि मधल्या ढिगाकडे कोणी पाहिले? उत्तरे मिळाली नाहीत तर कागद परत पाठवा. प्रोग्राम लिहिणारीचा यात अपमान नाही. चांगली प्रोग्रामर अशा प्रश्नांची वाटच पाहत असते.

मराठी मुलामुलींना शेवटची विनंती. इंग्रजी नावांच्या जुळणीमागे निदान शंभर वर्षांचे काम आहे. मराठी नावांच्या चुका मात्र आपल्याला रोज दिसतात, आणि त्या नीट नोंदवण्याचे काम आपल्याइतके चांगले दुसरे कुणी करणार नाही. म्हणून काम संपल्यावर आपला किमतींचा तक्ता आणि जोड्यांची यादी, खऱ्या माणसांच्या नोंदी काढून टाकून आणि बनावट नावे घालून, सर्वांना वापरता येईल अशी ठेवा. कुणी वऱ्हाडातली आडनावे घालेल, कुणी कोकणातली, कुणी बेळगाव किंवा गोव्याकडची. पुढच्या संस्थेतली मुलगी मग शून्यापासून सुरुवात करणार नाही. यंदाच्या वार्षिक सभेआधी आपल्या संस्थेची यादी तपासायला घ्या, आणि त्या दोनशे जोड्या आधी हाताने तपासा.